साठी बुद्धी नाठी, की बी-१२? कासुर्डी ते वढू, एका जीवनसत्त्वाची गोष्ट

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण त्यात लढाई नाही, किल्ला नाही. आज एका जीवनसत्त्वाचा इतिहास सांगायचाय. सुरुवात मात्र माझ्या मामांपासून करतो, कारण त्यांच्यामुळेच मी हे सगळं वाचायला घेतलं.

मामा कासुर्डीचे. दौंड तालुक्यातलं कासुर्डी, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, यवतच्या अलीकडचं. बऱ्याच जणांना हे गाव फक्त टोलनाक्यामुळे माहीत असतं. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला जाते ती याच रस्त्यानं. मामांनी अशाच एका वारीत माळ घातली, त्याला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून मटण बंद, अंडंही बंद. शुगर निघाली त्यालाही चौदा वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी, आणि जेवण झाल्यावर जळजळ होते म्हणून रोज उपाशीपोटी एक ॲसिडिटीची गोळी. ती तर आपल्याकडे लोक बडीशेप खाल्ल्यासारखी खातात.

मामांची ख्याती काय होती सांगतो. कालव्याच्या आवर्तनाचं अख्खं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात असायचं. कुणाची पाळी किती वाजता, कुणाचे किती तास, मागच्या उन्हाळ्यात कोणाचा तास बुडाला, सगळं. पाटकरी सुद्धा त्यांना विचारायचा. आणि हा माणूस दोन वर्षांपूर्वी रात्री दारं धरायला गेला आणि शेजाऱ्याच्या उसात पाणी सोडून घरी येऊन झोपला. सकाळी त्यांना काही आठवेना. भांडण झालं नाही, शेजारी समजूतदार होता, पण मामा त्या दिवसापासून गप्पच झाले. एकच गोष्ट तीनदा सांगायचे. चालताना पाय रुंद टाकायचे. मी विचारलं, "मामा, पायाला काय झालंय?" तर म्हणाले, "आरं, कापसावर चालल्यागत वाटतंय. शुगर हाय, मुंग्या येणारच. आन् डोक्याचं म्हणशील तर साठी बुद्धी नाठी."

मामी म्हणाल्या, "ह्यांचं आता असंच चालायचं."

पाय गेले ते शुगरनं, डोकं गेलं ते वयानं. घरात, गावात, दवाखान्यात, सगळ्यांनी मिळून हा निकाल लावून टाकला होता. त्या निकालात एक तिसरा आरोपी कुणी धरलाच नव्हता. त्याचा पत्ता काढायचा तर आपल्याला आधी मुंबईला जावं लागेल, १९२८ सालात.

तेव्हाची मुंबई म्हणजे गिरण्यांची मुंबई. त्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगानं मरत होत्या. रक्त कमी होणं नवीन नव्हतं, पण या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लहान नव्हत्या, उलट मोठाल्या, फुगलेल्या होत्या. लोह देऊन फरक पडत नव्हता. हे कोडं सोडवायला इंग्लंडहून ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टर आल्या. मार्गारेट बाल्फोर या इथल्या वैद्यकीय सेवेतल्या डॉक्टरबाईंनी त्यांना बोलावलं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांचं काम चालायचं.

विल्स यांची पद्धत मला फार आवडते. आधी त्यांनी जंतूंचा संशय तपासला आणि बाजूला ठेवला. मग त्या बायका काय खातात, हे समाजाप्रमाणे, कमाईप्रमाणे लिहून काढलं. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध सगळ्यात कमी, त्यांच्यातच हा आजार जास्त. पुढे प्राण्यांवर प्रयोग सुरू झाले. एका आजारी माकडाला शेवटचा उपाय म्हणून मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट लगदा, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो. माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या, आणि झपाट्यानं सुधारल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

मार्माइटमध्ये होतं काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत चार टन पालक उकळून-गाळून त्यातून तो पदार्थ काढला गेला. पानातून निघाला म्हणून लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला आशाताई लोहाबरोबर जी गोळी देतात, तिच्यातलं फॉलिक ॲसिड हे एका अर्थानं मुंबईच्या गिरणी कामगार बायकांचं देणं आहे. त्यांची नावं कुठं नोंदलेली सापडत नाहीत.

त्याच सुमाराला अमेरिकेत दुसरी शोधयात्रा चालू होती. तिथेही मोठाल्या पेशींचा पंडुरोग, पण हा म्हाताऱ्या माणसांना व्हायचा, आणि याच्यात रक्ताबरोबर नसाही जायच्या. पाय बधिर, तोल जाणं, विसरभोळेपणा, काही जणांना भ्रम. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं की रोज पावशेराच्या आसपास अर्धंकच्चं काळीज खाल्लं तर माणूस वाचतो. १९३४ चं नोबेल त्यांना आणि व्हिपल यांना मिळालं. काळजातला तो पदार्थ १९४८ मध्ये हाती लागला, लालबुंद स्फटिक. हेच आपलं बी-१२. डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये त्याची रचना उलगडली, तो एका वेगळ्या भागाचा विषय आहे.

आता या दोन जीवनसत्त्वांमधला घोळ नीट लक्षात घ्या, कारण पुढं पुण्याची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

फॉलिक ॲसिड बाजारात आलं आणि डॉक्टरांना वाटलं, चला, काळीज खायची कटकट मिटली. त्यांनी बी-१२ च्या रुग्णांनाही फॉलिक ॲसिड द्यायला सुरुवात केली. रक्त सुधारलं! रिपोर्ट छान. आणि काही महिन्यांत त्यातल्या काहींचे पाय गेले, नसा गेल्या. कारण फॉलिक ॲसिडनं रक्ताची बाजू सांभाळली, पण नसांना लागणारं बी-१२ ते नव्हतंच. उलट रक्त ठीक दिसल्यामुळे आतला बिघाड झाकला गेला. सीबीसीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून बी-१२ ठीक असेलच, असं म्हणता येत नाही. १९४० च्या दशकात हे रुग्णांच्या जिवावर शिकलं गेलं, आणि आपण ते अजून विसरत असतो.

बी-१२ चा स्वभावही जरा वेगळाच. झाडं ते बनवत नाहीत, प्राणी बनवत नाहीत, फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू ते तयार करतात, म्हणून ते दुधात उतरतं, मांसात उतरतं. पालेभाजीत, डाळीत, भाकरीत नाही. आणि खाल्लं तरी ते सहज अंगी लागत नाही. पोटातल्या ॲसिडनं ते अन्नापासून सुटं व्हावं लागतं, मग जठरातल्या एका प्रथिनाचा हात धरून ते आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत पोचतं, तिथं शोषलं जातं. इतका लांबचा प्रवास. यकृतात साठा असतो म्हणून कमतरता वर्षानुवर्षं कळत नाही. कळते तेव्हा माणूस दुसऱ्याच्या उसात पाणी सोडून आलेला असतो.

मेटफॉर्मिनचं थोडक्यात सांगतो. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानझाडावरून सुचलेलं हे औषध १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी माणसांत वापरलं. स्वस्त, भरवशाचं, आजही शुगरच्या बहुतेक रुग्णांना पहिली गोळी हीच लिहून दिली जाते, आणि ते योग्यच आहे. पण १९७१ मध्येच बेलफास्टच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या ७१ जणांपैकी २१ जणांना बी-१२ नीट शोषता येत नव्हतं. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीत ३९० रुग्णांना चार वर्षांहून अधिक काळ मेटफॉर्मिन किंवा नुसती बिनऔषधाची गोळी दिली, तर मेटफॉर्मिनवाल्यांचं बी-१२ सरासरी १९ टक्क्यांनी उतरलेलं निघालं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं अशा रुग्णांचं बी-१२ अधूनमधून तपासा असं सांगायला २०१७ उजाडलं. म्हणजे ७१ ते २०१७. एवढ्यात आमच्याकडे बैलाच्या मोटेपासून ठिबकपर्यंत सगळं बदललं.

हे सगळं परदेशातलं झालं. पण ते लोक मांस-मासे खाणारे. त्यांचा साठा भरलेला असतो, औषधानं थोडा कमी होतो. ज्याचा साठा मुळातच रिकामा, त्याचं काय? याचं उत्तर शोधायचं काम झालं ते कासुर्डीपासून फार लांब नाही. मुळा-मुठा ओलांडायची, मग भीमा, की आपण शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला.

वढू म्हटलं की आपल्याला संभाजी महाराजांची समाधी आठवते. आरोग्याच्या जगात मात्र वढू ओळखलं जातं ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमुळे. रास्ता पेठेतलं केईएम. तिथं १९४४ पासून काम करणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढूला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच बायका-मुलींना शिकवून आरोग्यसेविका केलं. घरोघरी जाणारी, ज्यांच्यावर सुनांचा आणि सासवांचाही विश्वास आहे अशी माणसं तयार झाली. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. पण इतिहासाच्या दृष्टीनं मला त्या पुरस्कारापेक्षा हा विश्वास मोठा वाटतो, कारण पुढचा अभ्यास त्याच्याच जोरावर झाला.

त्याच १९९३ मध्ये केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या भागातल्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. बरोबर इंग्लंडच्या साउदम्प्टनचे संशोधक होते, डॉ. कॅरोलाइन फॉल वगैरे. प्रश्न असा होता की आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या, कष्ट करणाऱ्या माणसांना मधुमेह का होतो? आणि तो कधी सुरू होतो, चाळिशीत की आईच्या पोटात?

सुमारे अडीच हजार बायकांची नोंद झाली. लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या. म्हणजे गर्भ राहण्याच्या आधीपासून मोजमाप. दर महिन्याला पाळीची चौकशी. तुम्हीच सांगा, बाहेरून आलेल्या साहेबाला कुणी हे सांगितलं असतं का? त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. शेतात राबायचं, पाणी भरायचं, आणि ताटात भाकरी, कालवण, थोडी भाजी. सुमारे ८०० गरोदरपणं शेवटपर्यंत पाहिली गेली.

बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण कातडीखालच्या चरबीची जाडी मोजली तेव्हा सगळे चक्रावले. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र जवळजवळ शाबूत. बारीक, पण चरबीवाली. यावरून याज्ञिकांनी स्वतःवरच एक गंमत केली. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा खोटं बोलू शकतो, हे एका फोटोत पटलं.

आहाराचा भाग डॉ. शोभा राव यांनी पाहिला होता, पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेच्या. त्यांना दिसलं की आईनं किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा तिनं पालेभाजी, फळं, दूध किती खाल्लं यावर बाळाचा आकार जास्त अवलंबून आहे. परळच्या गिरणी कामगार बायकांच्या ताटांबद्दल ल्यूसी विल्स यांनी काय लिहिलं होतं ते आठवा. पासष्ट-सत्तर वर्षांनंतर शिरूर तालुक्यात तीच यादी पुन्हा समोर आली.

इथं दुधाबद्दल एक जोडून सांगतो, ते माझं निरीक्षण आहे, अभ्यासातलं नाही. आमच्या मामांकडे दोन म्हशी. पण दूध पहाटेच डेअरीला जातं. फॅट लागली की पैसे, दहा दिवसांनी पगार. घरात राहतं ते चहापुरतं. आमच्या पट्ट्यात घराघरात हेच. दुधाचा महापूर आला खरा, पण तो गोठ्यातून निघून सरळ पुण्याला गेला.

तर, त्या आयांचं रक्त साठवून ठेवलं होतं. ते पुढं तपासलं तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त जणींना बी-१२ कमी निघालं. फॉलिक ॲसिडची कमतरता जवळपास नव्हतीच, कारण भाजी होती आणि सरकारी गोळ्या होत्या. २००८ मध्ये निष्कर्ष आला: ज्या आयांचं फॉलिक ॲसिड जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सगळ्यात ठळक. चाळिसच्या दशकातला तोच घोळ, एक जीवनसत्त्व भरलेलं, दुसरं रिकामं, पण आता पुढच्या पिढीत आणि मधुमेहाच्या रूपात.

त्याच वर्षी मेंदूचाही धागा हाती आला. गरोदरपणी बी-१२ अगदी कमी असलेल्या आणि चांगलं असलेल्या आयांची नऊ वर्षांची शंभरेक मुलं निवडून त्यांना चाचण्या दिल्या. लक्ष टिकवून आकडे जोडत जायचे, ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणायचे. कमी बी-१२ वाल्या आयांची मुलं या दोन्हींत मागं पडली. बाकी बुद्धीच्या चाचण्यांत फरक नव्हता. आणि हेही सांगायला हवं की म्हैसूरला असाच अभ्यास झाला, तिथं बी-१२ चा असा संबंध दिसला नाही, फॉलिक ॲसिडचा दिसला. विज्ञानात असं होतं. पण हा प्रश्न भारतात नवीन नव्हता. १९६२ मध्येच वेल्लोरच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये काही तान्ह्या बाळांची हकीकत लिहिली होती. फक्त आईच्या दुधावर असलेली, आईला बी-१२ कमी, आणि बाळ हसायचं, मान धरायचं विसरत चाललेलं. इंजेक्शन दिल्यावर ती बाळं परत माणसात आली.

ती १९९३-९६ ची बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा त्यांची शुगर तपासली. अंगानं बारीकच. तरी मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची शुगर सामान्यपेक्षा वर. अठराव्या वर्षी! आज ही पोरं तिशीच्या उंबऱ्यावर आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना उद्या मेटफॉर्मिन सुरू होईल, आणि त्यांचा बी-१२ चा साठा आईच्या पोटापासूनच कमी असू शकतो. २०१२ पासून याच मुला-मुलींना रोज २ मायक्रोग्राम, म्हणजे साध्या आहारातून मिळायला हवं तेवढंच बी-१२ देऊन त्यांच्या होणाऱ्या बाळांवर काय परिणाम होतो हे पाहिलं गेलं. दोन-तीन वर्षांच्या नातवंडांच्या पिढीत आकलन आणि भाषा थोडी सरस दिसली. मुलांची संख्या लहान आहे, म्हणून फार उड्या मारू नयेत.

आता मोठ्यांकडे येतो, म्हणजे मामांच्या वयाकडे.

केईएममध्येच नॉर्वेच्या हेल्गा रेफसुम यांच्याबरोबर झालेला अभ्यास २००१ मध्ये छापला गेला. पुण्यातली २०४ माणसं, काही ठणठणीत, काही हृदयरोगी, काही मधुमेही. रक्तातल्या दोन खुणा पाहून ठरवलं, तर ७५ टक्के लोकांच्या पेशींना बी-१२ अपुरं पडत होतं. त्यातली एक खूण म्हणजे होमोसिस्टीन. बी-१२ कमी पडलं की हा पदार्थ रक्तात साचतो, आणि तो रक्तवाहिन्यांना आणि मेंदूला चांगला नाही असा संशय आहे. मग २००६ मध्ये ४४१ पुरुषांचा अभ्यास आला. गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. एकूण ६७ टक्क्यांना बी-१२ कमी. सगळ्यात वाईट अवस्था कुणाची असेल? शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के. शाकाहारी माणसाला धोका ४.४ पट. म्हणजे हा गरिबीचा आजार आहे असं समजून सदाशिव पेठेनं निर्धास्त राहू नये.

मग बी-१२ दिल्यानं विसरभोळेपणा थांबतो का? इथं मी जरा हात आखडून बोलणार आहे, कारण या विषयावर मोबाइलवर वाट्टेल ते फिरतंय. ऑक्सफर्डला सत्तरीपुढच्या, स्मृती थोडी ढासळलेल्या माणसांवर चाचणी झाली, तिचे निकाल २०१० चे. रेफसुम त्यातही होत्या. १६८ जणांचे मेंदूचे एमआरआय दोन वर्षांच्या अंतरानं काढले. बी गटातली जीवनसत्त्वं घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला ०.७६ टक्क्यानं आकसला, न घेणाऱ्यांचा १.०८ टक्क्यानं. आणि फायदा मुख्यतः ज्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं त्यांनाच. ही आशेची बाजू. पण २०१४ मध्ये अकरा चाचण्या, बावीस हजार माणसं एकत्र करून पाहिलं तर बुद्धीवर सरसकट काहीच फरक नाही. दोन्ही खरं असू शकतं. ज्याची विहीर कोरडी आहे त्याला पाणी सोडलं तर पीक उभं राहील, भरलेल्या विहिरीत टँकर ओतून काय होणार?

मधुमेहींचं वेगळं पाहिलं तर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींची आकलनशक्ती जरा कमी दिसली, आणि बी-१२ कमी असणं हे त्यामागचं एक कारण असावं असं त्यांनी मांडलं. २०२० मध्ये सिडनीच्या अभ्यासात उलट, मेटफॉर्मिन घेणाऱ्या म्हाताऱ्यांची आकलनशक्ती जास्त टिकलेली दिसली. म्हणून कुणीही हा भाग ऐकून मेटफॉर्मिन बंद करू नका, हात जोडून सांगतो. शुगर वाढली तर मेंदूचं त्याहून जास्त नुकसान.

आणि दुसरी बाजू, जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. २०१० मध्येच कॅनडात मधुमेहानं किडनी खराब झालेल्या २३८ जणांना बी गटातली जीवनसत्त्वं मोठ्या डोसमध्ये दिली. भलं होईल म्हणून. त्यांची किडनी उलट जास्त वेगानं उतरली, हृदयविकार आणि पक्षाघात वाढले. म्हणजे किडनीचा त्रास असलेल्या शुगरवाल्यानं मेडिकलमधून आपल्या मनानं जीवनसत्त्वांच्या तगड्या गोळ्या आणून खाणं हे निरुपद्रवी नाही. डॉक्टरांना विचारून, तपासून.

तर मामांचं काय झालं?

मी हे सगळं वाचत होतो तेव्हा त्यांच्या गोष्टीतल्या चारही गाठी मला एकाखाली एक दिसायला लागल्या. माळ, म्हणून मांस-अंडं नाही. दूध डेअरीला. ॲसिडिटीची गोळी, म्हणजे बी-१२ सुटं करणारं ॲसिडच दाबलेलं. आणि चौदा वर्षं मेटफॉर्मिन. तपासणी चौदा वर्षांत एकदाही झालेली नव्हती. शुगर दर तीन महिन्यांनी, हिमोग्लोबिन अधूनमधून, बी-१२ कधीच नाही. मामांना लॅबमध्ये नेलं. पुण्याच्या अभ्यासांत जी कमतरतेची रेषा धरतात ती आपल्या लॅबच्या भाषेत साधारण २०० येते. मामांचा आकडा ११८ आला. हिमोग्लोबिन मात्र बऱ्यापैकी होतं, म्हणून कुणाला शंका आली नसावी.

किडनीचा रिपोर्ट आधी पाहिला, तो बरा होता. मग इंजेक्शनं सुरू झाली, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी बंद केली. मामांना माळ सोडायला कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, आणि गरजही नाही. मामी आता सकाळी डेअरीच्या किटलीत ओतायच्या आधी एक तांब्या काढून ठेवतात. पुण्यातच शाकाहारी तरुणांना रोज ६०० मिली साधं दूध दोन आठवडे देऊन पाहिलं होतं, तेवढ्यानंही रक्तातलं बी-१२ चढलं होतं. मामांना दूध पचतं, शुगर बघून अर्धा लिटर पितात. मामींचंही तपासलं. त्यांचंही कमीच होतं, पण त्यांचं कुणी विचारलंच नव्हतं, त्यांनीही नाही.

चार महिन्यांत पायाखालचा कापूस बराच कमी झाला. डोक्याचं पूर्ण परत आलं असं मी म्हणणार नाही. नावं अजून अडकतात, कालची गोष्ट आज परत सांगतात. नसांचं नुकसान जुनं असेल तर सगळं भरून येत नाही, आणि त्यांच्या विसरण्यातलं किती बी-१२ चं, किती शुगरचं, किती वयाचं, हे मोजायचं मशीन निघालेलं नाही.

पण मागच्या उन्हाळ्यात मी कासुर्डीला गेलो होतो. रात्री अंगणात बसलो होतो. शेजाऱ्याचा पोरगा फाटकातून ओरडला, "आप्पा, आमची पाळी कधी लागती ओ?" मामा खाटेवरून न उठता म्हणाले, "गुरुवारी रातीला अडीचला. सव्वातीन तास. आन् मागल्या टायमाला तुझ्या बापाचा अर्धा तास बुडाला होता, तो मागून घे पाटकऱ्याकडनं."

मी मामींकडं बघितलं. त्या भाकरी थापत होत्या, त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.